साष्टी व शेजारील बेटांची निसर्गरचना

साष्टी हे महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक मोठे बेट असून मुंबई उपनगर जिल्हा व ठाणे शहर यांचा बहुतांश भाग त्यावर वसलेला आहे. उत्तरेस वसईची खाडी, ईशान्येस उल्हास नदी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी अशा या बेटाच्या सीमा आहेत. बेटाच्या मध्यभागी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. साष्टीच्या पश्चिम कडेला धारावी (उत्तन–गोराई–मनोरी), मढ, वेसावे व जुहू ही, तर आग्नेयेस तुर्भे (ट्रॉम्बे) हे बेट होते. त्यांपैकी काही बेटे भराव घालून व रस्ते बांधून साष्टीला जोडली गेली, तर काहींचे बेटपण अद्याप बऱ्याच अंशी टिकून आहे. ही सर्व बेटे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही त्यांची निसर्गरचना परस्परांहून फार भिन्न आहे. साष्टीचा गाभा उंच, दाट जंगलाचा व गोड्या पाण्याचा आहे. शेजारची बेटे बहुतांशी सखल असून त्यांच्यावर वाळू, खाजण, मिठागरे व तिवरांचे राज्य आहे.

नाव व विस्तार

साष्टी हे नाव 'सासष्ट' या संख्येवरून आले असून सहासष्ट गावांचा प्रदेश असा त्याचा अर्थ मानला जातो. गोव्यातील साष्टी तालुक्याच्या नावाची व्युत्पत्तीही अशीच सांगितली जाते. त्यामुळे जुनी कागदपत्रे वाचताना कोणती साष्टी अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ठरवावे लागते. असाच घोटाळा धारावी या नावाबाबत होतो. वसईच्या मोहिमेच्या वर्णनांत येणारी धारावी म्हणजे भाईंदरच्या पश्चिमेकडील बेट. माहीमच्या खाडीकाठची आजची दाट वस्ती नव्हे.

हा प्रदेश 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाकडून पोर्तुगिजांकडे गेला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसई जिंकली. त्याच मोहिमेत धारावीचा डोंगरही मराठ्यांच्या ताब्यात आला. तेथून वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवता येत असल्याने दोन्ही पक्षांना तो मोलाचा वाटत होता. इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस ठाण्यावर चाल करून साष्टी घेतली व 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली.

मुंबईच्या सात बेटांची जोडणी सर्वपरिचित आहे. साष्टीच्या भोवतालच्या बेटांची कथा त्यामानाने कमी सांगितली जाते. मुंबई व साष्टी यांना जोडणारा शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. माहीमचा बांध 1845 मध्ये खुला झाला; त्याच्या खर्चाचा मोठा भार जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी उचलला होता. जुहू हा त्या काळी समुद्रालगतचा एक अरुंद वाळूचा पट्टा होता आणि त्याच्या व अंधेरीच्या दरम्यान भरतीचे पाणी शिरत असे. आज जुहूहून अंधेरीला जाणाऱ्यास आपण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आलो याची जाणीवही होत नाही. भर पावसात रस्त्यावर पाणी साचते, तेव्हा मात्र ते पुष्कळदा जुन्या खाड्यांच्या वाटेनेच साचते.

खडकांची जडणघडण

या बेटांचा पाया दख्खनच्या पठाराप्रमाणेच ज्वालामुखीय आहे. तथापि सह्याद्रीत दिसणारे काळ्या बेसॉल्टचे आडवे, एकावर एक रचलेले थर येथे तसेच्या तसे आढळत नाहीत. किनाऱ्यालगत हे थर वाकून पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, कललेले आहेत. पनवेलजवळून जाणाऱ्या या वाकास भूशास्त्रज्ञ 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. शिवाय मुंबई व साष्टी येथे बेसॉल्टच्या जोडीला ट्रॅकाइट व ऱ्हायोलाइट हे फिकट रंगाचे खडक, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेले टफ, दगडांचे तुकडे एकत्र सांधून तयार झालेला ब्रेशिया आणि उथळ पाण्यात साचलेले गाळाचे थर सापडतात. दख्खनच्या मुख्य उद्रेकाचा काळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही खडक त्याहून तरुण आहेत. मनोरी परिसरातील ट्रॅकाइट व अंधेरीतील गिल्बर्ट टेकडीचा बेसॉल्ट यांचे वय आर्गॉन पद्धतीच्या मापनातून सुमारे 6 ते 6.2 कोटी वर्षे निघाले आहे. लोकप्रिय लेखनात गिल्बर्ट टेकडी सरसकट साडेसहा कोटी वर्षांची म्हटली जाते, ते या मापनाशी जुळत नाही.

गिल्बर्ट टेकडी ही सुमारे 60 मीटर उंचीची, उभ्या बहुकोनी स्तंभांची कातळभिंत आहे. तप्त लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो व त्यास नियमित भेगा पडतात. त्यातून असे स्तंभ तयार होतात. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. भोवतालच्या खाणकामाने टेकडीचे लचके तोडले गेले आणि मूळ उंचवट्याचा केवळ गाभा उरला. 2007 मध्ये महानगरपालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीचे वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. त्या वेळेपावेतो इमारती तिच्या पायथ्याला भिडल्या होत्या.

खडकाच्या या विविधतेचा परिणाम मानवी वापरावरही दिसतो. कान्हेरी, अंधेरीजवळील महाकाली (कोंडिवटे), जोगेश्वरी व बोरिवलीचे मंडपेश्वर ही सर्व लेणी याच बेटावर, या ज्वालामुखीय खडकांत कोरलेली आहेत. सह्याद्रीतील कठीण बेसॉल्टच्या तुलनेत ब्रेशिया व टफ छिन्नीला लवकर दाद देतात, पण वाऱ्यापावसाने झिजतातही लवकर. साष्टीतील अनेक लेण्यांमधील मूर्तींचे चेहरे आज ओळखता येत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

डोंगराळ गाभा

साष्टीच्या मध्यभागी दक्षिणोत्तर पसरलेली डोंगररांग हाच राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग आहे. उद्यानाचे एकूण क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर असून ते मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 30 मीटरपासून सुरू होणारी ही भूमी जांभूळमाळ परिसरात 450 मीटरच्या वर जाते. पश्चिमेस गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली व दहिसर, पूर्वेस भांडुप, मुलुंड व ठाणे, तर दक्षिणेस आरे व पवई अशी तिन्ही बाजूंनी उपनगरे आहेत.

'कान्हेरी' हे नाव 'कृष्णगिरी', म्हणजे काळा डोंगर, यावरून आले. स्वातंत्र्यानंतर या जंगलास कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा उद्यानाचे नावही प्रथम कृष्णगिरी असेच होते. 1974 मध्ये ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले व पुढे त्यास संजय गांधी यांचे नाव देण्यात आले. जुन्या पिढीतील मुंबईकर आजही त्याला 'नॅशनल पार्क' एवढेच म्हणतात.

येथील वन मुख्यत्वे दमट पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर, कळंब, मोह, कुसुम, बोंडारा व कुडा ही झाडे सर्वत्र दिसतात. ओढ्यांच्या काठी व खोल घळींत निमसदाहरित झाडीचे पट्टे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेल्या उतारांवर पळस व काटेसावर फुलतात आणि लालभडक रंगाचे ठिपके दुरूनही दिसतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत तोच उतार ओळखू येत नाही इतका हिरवा होतो.

डोंगरउतारांवरील झुडपांत कारवीचे महत्त्व विशेष आहे. कारवी एकाच वेळी, ठरावीक वर्षांच्या अंतराने फुलते, बी धरते आणि मरते. या उद्यानात ती 2008, 2016 व 2024 मध्ये फुलली. मधली सात वर्षे तिचे रान केवळ हिरवे असते. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस सगळा उतार जांभळा होतो व मधमाश्यांची गर्दी उसळते. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप देऊन भिंती उभारण्याची रीत वारली पाड्यांत पूर्वापार आहे. उद्यानात व आरेच्या परिसरात हे पाडे आजही आहेत आणि वाघोबा हा तेथील आदिवासींचा देव आहे. बिबट्यालाही ते वाघच म्हणतात.

चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर, माकड, उदमांजर, पिसोरी व वाघाटी हे येथील सस्तन प्राणी होत. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक व फुलपाखरांच्या सुमारे दीडशे जाती येथून नोंदल्या गेल्या आहेत.

गोडे पाणी

साष्टी व तिच्या शेजारच्या बेटांतील मूलभूत भेद पाण्याचा आहे. वर्षाकाठी या भागात सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शेजारच्या सखल बेटांवर तो वाळूत मुरतो किंवा लागलीच समुद्रास मिळतो. डोंगराळ साष्टीवर त्याला दऱ्या मिळतात, झाडोरा व माती त्याला धरून ठेवतात आणि नद्या उगम पावतात. दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या मुंबईच्या चार नद्या याच डोंगरांत अथवा त्यांच्या पायथ्याशी उगम पावतात. उपनगरांत त्यांना नाल्याचे रूप आले आहे. परंतु उद्यानाच्या हद्दीत पावसाळ्यातील दहिसर नदी अद्याप दगडगोट्यांवरून स्वच्छ वाहताना दिसते. एका नदीची ही दोन रूपे पाच-सहा किलोमीटरच्या आत पाहता येतात.

पाणी अडवण्याची कला येथे फार जुनी आहे. कान्हेरीस शंभराहून अधिक लेणी असून त्यांचे कोरीवकाम इसवी सनाच्या आगेमागे सुरू होऊन सुमारे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत चालू होते. कल्याण, सोपारा व चौल येथील व्यापाऱ्यांच्या दानाचे शिलालेख तेथे आहेत. बहुतेक प्रत्येक विहाराशेजारी पाण्याचे टाके असून शिलालेखांत त्यास 'पोढी' असा शब्द येतो. उतारावर पडणारे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत आणले जाई. चार महिने मुसळधार व आठ महिने कोरडे अशा प्रदेशात एवढा मोठा भिक्षुसंघ डोंगरावर राहू शकला, तो या व्यवस्थेमुळे. लेणी पाहावयास येणारे बहुतेक लोक मूर्ती पाहून परततात. टाकी व पन्हळी यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

याच तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावरील उपयोग एकोणिसाव्या शतकात झाला. मुंबईतील विहिरी व तळी वाढत्या वस्तीला अपुरी पडू लागल्यावर मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात विहार तलाव बांधण्यात आला. तो 1860 मध्ये पूर्ण झाला. त्याच्या वरच्या अंगास तुळशी तलाव 1879 मध्ये व दक्षिणेस पवई तलाव 1890 च्या सुमारास झाला. तुळशी तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे 139 मीटरवर आणि विहार सुमारे 80 मीटरवर भरून वाहू लागतो. विहारची साठवण क्षमता 27,698 दशलक्ष लिटर व तुळशीची 8,046 दशलक्ष लिटर आहे. भातसा, वैतरणा यांसारख्या दूरच्या धरणांपुढे हे आकडे आज किरकोळ वाटतात. महानगरपालिकेच्या सात जलाशयांच्या दैनंदिन तक्त्यात या दोघांचे स्थान तळाशी असते. पाणी पुरवण्यापलीकडे या तलावांनी एक काम केले. पाणलोटात वस्ती, शेती व वृक्षतोड होऊ न देणे तलाव स्वच्छ राखण्यासाठी आवश्यक होते, त्यामुळे भोवतालचे जंगल राष्ट्रीय उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून राखले गेले. साष्टीचे जंगल टिकले ते आधी मुंबईच्या तहानेमुळे, प्राणिसंरक्षणाचा विचार नंतर आला, असे म्हणणे वावगे होणार नाही.

या जलाशयांत मगरी आहेत. तेथून सरळ रेषेत काही किलोमीटर पश्चिमेस किंवा पूर्वेस गेल्यास खाडीच्या चिखलात श्वासमुळांच्या खुंटांमध्ये उड्या मारणारे निवटे दिसतात.

पश्चिमेकडील बेटे

धारावी बेट हे मनोरीच्या खाडीने साष्टीपासून विभागलेले आहे. उत्तरेस उत्तन, चौक व डोंगरी, दक्षिणेस गोराई, कुळवे व मनोरी ही त्यावरील प्रमुख गावे होत. भाईंदरकडून रस्त्याने तेथे जाता येते; बोरिवली व मालाडकडून मात्र आजही होडीनेच खाडी ओलांडावी लागते. मार्वे–मनोरी तरीचा प्रवास काही मिनिटांचा आहे, तर तेच अंतर भाईंदरमार्गे रस्त्याने कापावयास मोठा वळसा पडतो.

बेटाच्या उत्तरेकडे ट्रॅकाइटच्या ठेंगण्या टेकड्या आहेत. त्यांच्यावर साष्टीच्या डोंगरासारखे जंगल नाही. गवत, करवंदीची जाळी, ताड व आंब्याची झाडे आहेत. पश्चिमेस वाळूचा लांब किनारा, त्यामागे नारळी व सुरू, मग भातखाचरे आणि खाडीच्या बाजूला मिठागरे व तिवरांचे रान असे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाने लागतात. समुद्राच्या लाटांचा मारा पश्चिम बाजूस असतो, म्हणून तेथे वाळू साचते. पूर्वेकडील खाडीचे पाणी संथ असल्याने तेथे गाळ बसतो. अवघ्या दोन-तीन किलोमीटर रुंदीत वाळूचा व चिखलाचा असे दोन निराळे किनारे या बेटास लाभले आहेत.

वस्ती मुख्यतः कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची आहे. उत्तन हे मासेमारीचे मोठे केंद्र असून पावसाळा संपल्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. गोड्या पाण्यासाठी ही गावे दीर्घकाळ विहिरींवर अवलंबून होती. वाळूतून मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहिरीतून फार उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. त्यामुळे डोंगरात तलाव असणाऱ्या साष्टीच्या इतक्या जवळ असूनही उन्हाळ्यातील पाणीटंचाई हा या बेटावरील नित्याचा विषय राहिला आहे.

दक्षिणेचे मढ बेट याहून लहान आहे. मढचा किल्ला, एरंगळ व आक्से येथील किनारे व एरंगळचे सेंट बोनाव्हेंचर चर्च यांमुळे ते परिचित आहे. त्या चर्चची जत्रा जानेवारीत भरते व तीत सर्व धर्मांचे लोक सहभागी होतात. मढ व वेसावे यांच्यामध्ये मालाडच्या खाडीचे मुख आहे. तरीने हे अंतर पाच-दहा मिनिटांत पार होते. रस्त्याने मालाडमार्गे सुमारे वीस किलोमीटर जावे लागते. आक्से येथील समुद्र शांत दिसत असला, तरी किनाऱ्याची ठेवण व प्रवाह यांमुळे तो पोहणाऱ्यांस धोकादायक आहे.

या खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिप्पी व मारांडी या खारफुटीच्या वनस्पती वाढतात. उधाणाच्या भरतीस येथे पाणी साडेचार मीटरहून अधिक चढते, त्यामुळे दिवसातून दोनदा सगळा प्रदेश बुडतो व उघडा पडतो. मिठाचे प्रमाण सतत बदलणाऱ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात उभे राहण्यासाठी तिवराची मुळे जमिनीतून वर डोकावतात व हवा घेतात. साष्टीच्या डोंगरावर वनस्पतींच्या हजारभर जाती आहेत, तर खाडीत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. परंतु तेवढ्याच झाडांच्या आधाराने कोळंबी, खेकडे, मासे व पक्षी यांची प्रचंड संख्या जगते. पांढरी चिप्पी हा 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यातील खारफुटीच्या तोडीस व तीवर भराव घालण्यास बंदी करणारा आदेश दिला. आज दिसणारे तिवरांचे पट्टे पुष्कळ अंशी त्या आदेशाचे फळ आहे.

उद्यानाच्या डोंगरावर बिबट्या आहे, तर खाजणांत सोनेरी कोल्हा. मुंबईसारख्या नगरात कोल्हे राहतात हे अनेकांना ठाऊक नसते. खारफुटीच्या आतील उंचवट्यांवर ते राहतात, खेकडे व मासे खातात आणि रात्री कधी गृहसंकुलांच्या कुंपणापर्यंत येतात.

पूर्वेकडील बाजू

साष्टीच्या पूर्व कडेचे चित्र पुन्हा निराळे आहे. मुलुंड व भांडुपच्या मागे डोंगर एकदम चढतो आणि समोर पूर्वेस काही किलोमीटरवर ठाण्याची खाडी आहे. मधल्या चिंचोळ्या पट्टीत 1853 मध्ये बोरीबंदर–ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या पूर्वेस मुलुंड, भांडुप, कांजूर व घाटकोपरची मिठागरे व तिवरांची राने आहेत. मुलुंडच्या डोंगरावरून एका दृष्टिक्षेपात जंगल, शहर, मिठागर व खाडी असे चारही पट्टे दिसतात.

पश्चिमेच्या खाड्या उघड्या समुद्राला मिळतात. ठाण्याची खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब, उत्तरेकडे निमुळती होत जाणारी व गाळाने भरत चाललेली आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या तिच्या चिखलावर हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांत छोट्या रोहिताची संख्या अधिक असते. कच्छ व भावनगरकडून येणारे हे पक्षी सूक्ष्म शेवाळावर जगतात. शहराच्या सांडपाण्यातील द्रव्यांनी हे शेवाळ पोसले जाते, असे अभ्यासकांचे मत आहे. अर्थात ज्या घाणीने मिठी व ओशिवरा यांचे नाले झाले, तिनेच येथे गुलाबी पक्ष्यांचे ताट वाढले. 2015 मध्ये खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला व 2022 मध्ये ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

खाडीच्या मुखाशी असलेले तुर्भे हे पूर्वीचे बेट शेजारच्या बेटांत अपवाद ठरते. त्याची टेकडी सुमारे 300 मीटर उंच, म्हणजे साष्टीच्या डोंगरांच्या जवळपास जाणारी आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र तिच्या पायथ्याशी असल्याने उतारांवर सामान्य लोकांस प्रवेश नाही आणि त्या कारणाने तेथील झाडी वाचली. तिच्या भोवती मात्र तेलशुद्धीकरण कारखाने, खतनिर्मिती व वीजकेंद्र आहेत.

खाडीपलीकडील उद्यान

राष्ट्रीय उद्यान संपूर्णपणे साष्टी बेटावर आहे, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचा उत्तरेकडील नागला हा भाग वसईच्या खाडीपलीकडे, ससूनवघरच्या बाजूस मुख्य भूमीवर आहे. पुढे तो तुंगारेश्वरच्या जंगलाशी जोडला जातो. तुंगारेश्वर 2003 मध्ये अभयारण्य झाले. नागल्याच्या एका अंगाला साग-ऐनाचा उतार व दुसऱ्या अंगाला तिवरांचा काठ असल्याने डोंगरी जंगल व खारफुटी यांची भेट तेथे पाहावयास मिळते. साष्टीवर अन्यत्र या दोहोंच्या मध्ये शहर आले आहे.

नागल्याचे क्षेत्र लहान असले, तरी वन्यजीवांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याहून पुष्कळ मोठे आहे. तिन्ही बाजूंनी इमारती व चौथ्या बाजूस खाडी असे वेढलेले साष्टीचे जंगल हे बेटावरील बेट झाले आहे. अशा अलग पडलेल्या जंगलात प्राण्यांचे येणे-जाणे थांबले, तर पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यांतच संकर होऊन वंश दुबळा होतो. घोडबंदर रस्ता, वसईची खाडी, नागला व तुंगारेश्वर ही वाट खुली राहणे म्हणूनच आवश्यक आहे. ती वाट प्राणी वापरतात, याचे पुरावे आहेत.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'आजोबा' या नावाने ओळखल्या गेलेल्या बिबट्याचे. 2009 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या वयस्क नराला बाहेर काढून, गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने त्याचा माग ठेवला. तो कसाऱ्याजवळ लोहमार्ग व महामार्ग ओलांडून, सुमारे 120 किलोमीटर चालून वसईच्या खाडीकाठच्या या जंगलात येऊन पोहोचला. वाटेत तो वस्त्यांच्या अगदी जवळून गेला, पण त्याने कोणास इजा केली नाही. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. 2014 मध्ये त्याच्यावर सुजय डहाके यांनी याच नावाचा मराठी चित्रपट केला.

बिबटे व भोवतालचे शहर

2015 मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात उद्यान व परिसरात 35 बिबटे आढळले. 2018 च्या अभ्यासात ही संख्या 47 होती. एवढ्याशा क्षेत्रातील बिबट्यांची ही घनता जगातील सर्वाधिक घनतांमध्ये गणली जाते. चितळ व सांबर यांच्याबरोबर कडेच्या वस्त्यांतील भटकी कुत्री हेही त्यांचे खाद्य आहे. कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळी उपनगरांतील रहिवाशांना हळूहळू समजू लागली आहे. 2002 ते 2004 या काळात माणसांवर हल्ल्यांच्या अनेक घटना घडल्या. इतरत्र पकडलेले बिबटे आणून येथे सोडणे हे त्यामागील एक कारण असावे, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो. 2011 पासून वनविभाग व अभ्यासकांनी 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमाद्वारे पाडे, शाळा व गृहसंकुले येथे लोकशिक्षण सुरू केले.

उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याबाबत उच्च न्यायालयाने 1997 मध्ये आदेश दिला होता. त्यानंतर बरीच घरे हटवली गेली, मात्र पुनर्वसनाचा प्रश्न रेंगाळला. आदिवासी पाड्यांचे हक्क हा त्यातील वेगळा व अधिक नाजूक मुद्दा आहे, कारण हे पाडे उद्यानाहून जुने आहेत. दक्षिणेकडील आरे वसाहत राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येत नाही. तथापि बिबट्यांचा वावर तेथे नित्य असतो. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आल्यावर मोठे आंदोलन झाले. पुढील वर्षी आरेतील सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय शासनाने घेतला.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्यास केवळ 73 मिलिमीटरच्या आसपास नोंद झाली. मिठी नदीच्या पात्रात व तिच्या मुखाशी असलेल्या खाजणांवर दशकानुदशके पडलेला भराव, वरून आलेला लोंढा व समुद्राची भरती यांचा मेळ होऊन उपनगरे बुडाली. डोंगर, नदी, खाजण व खाडी ही एकच व्यवस्था आहे, हे त्या पुराने सामान्य नागरिकांच्या ध्यानात आणून दिले. मिठीच्या विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण त्यानंतर स्थापन झाले.

सध्या उद्यानाच्या डोंगराखालून दोन जोडबोगदे प्रस्तावित असून गोरेगाव–मुलुंड व ठाणे–बोरिवली या दोन्ही मार्गांच्या बोगद्यांचे भूमिपूजन 13 जुलै 2024 रोजी झाले. ते पूर्ण झाल्यावर साष्टीची पूर्व व पश्चिम बाजू प्रथमच डोंगराच्या पोटातून जोडली जाईल. जमिनीवरील झाडांची तोड त्यामुळे टळते, असे समर्थक म्हणतात. बोगद्यांच्या तोंडाशी होणारी तोड आणि भूजलावर व ओढ्यांवर होणारा परिणाम हे आक्षेपकांचे मुद्दे आहेत. उत्तरेस घोडबंदर रस्त्यावरून रात्री वन्यप्राणी ओलांडत असतात आणि तेथील वाहतूक वर्षागणिक वाढत आहे.